बोलणारा लॅपटॉप की सुताराचे ठोकळे?

पत्र :

'बाई, पुढच्या महिन्यात माझी भाची चार वर्षांची होते. तिच्या पाठचा भाऊ दीड वर्षाचा आहे. वाढदिवस हॉलमध्ये आहे, ऐंशी-नव्वद माणसं येतील. वहिनीनं आधीच सुचवून ठेवलंय, "ताई, काहीतरी एज्युकेशनल आणा, तो एबीसीडी म्हणून दाखवणारा लॅपटॉप असतो ना, तसलं." गेल्या वर्षी मी भारताच्या नकाशाचं शंभर तुकड्यांचं कोडं दिलं होतं, ते अजून कपाटावर पडून आहे. मनात येतं, लाकडी ठोकळे, माती असं साधं काही द्यावं. पण मग चारचौघांत आत्यानं हात आखडला म्हणतील. दीड हजारापर्यंत खर्च करू शकते. काय घेऊ?'

– एक आत्या, शिवाजी पेठ, कोल्हापूर

आत्याबाई,

आधी त्या कपाटावरच्या कोड्याचं बोलू, कारण ते तुमच्या मनाला लागलेलं दिसतंय. कोडं वाईट नव्हतं, तीन-चार वर्षं लवकर आलं एवढंच. तीन वर्षांच्या पोरीला चार ते बारा मोठ्या तुकड्यांचं कोडं पुष्कळ होतं. चौथ्या-पाचव्या वर्षी वीस-चोवीस तुकड्यांपर्यंत मजल जाते. शंभर तुकडे, त्यात राज्यांच्या नागमोडी सीमा, म्हणजे पहिल्याच बैठकीत 'मला येत नाही' हे तेवढं पक्कं शिकून होतं. तुमच्या वहिनीनं ते वर ठेवलं, शहाणपणा केला. राहू दे तिथंच. सातव्या वाढदिवसाला तुम्हीच खाली काढा आणि नवीन आणल्याच्या थाटात द्या.

आता लॅपटॉप. घेऊ नका. पण हे सांगायचा अधिकार मला कुठून मिळाला, तेही ऐका. एकतीस वर्षं बालवाडीत काढली, तरी पुतण्याच्या पोराच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी बोलणारी बस घेऊन गेले होते. दुकानात दिवे लुकलुकत होते, मी भुलले. आठ बटणं. एक दाबलं की इंग्रजी गाणं, दुसरं दाबलं की आकडे, तिसऱ्याला कुत्र्याचं भुंकणं (बसमध्ये कुत्रं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही). पहिले चार दिवस तो बटण दाबायचा, बस बोलायची आणि तो गप्प बसून ऐकायचा. नंतर बाकी सगळं सोडून फक्त भुंकण्याचं बटण. आठव्या दिवशी सेल संपले आणि घरात कुणालाच नवे आणायची घाई नव्हती. पुढच्या रविवारी मी गेले तर पोरगं ती बस फरशीवरून ढकलत ओरडतंय, 'गंगावेश, रंकाळा, गंगावेश! ओ मावशी, पुढं सरका! सुट्टे द्या सुट्टे!' वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यांची तिकिटं, सागरगोट्यांचे प्रवासी, एक सागरगोटा विनातिकीट सापडला म्हणून त्याला खाली उतरवलेलं. केएमटीचा, म्हणजे आपल्या शहर बसचा कंडक्टर झाला होता तो. बस गप्प झाली तेव्हा कुठं पोराला बोलायला जागा मिळाली.

तेव्हापासून दुकानात मी एकच बघते: हे खेळणं स्वतः किती काम करतं आणि पोरासाठी किती शिल्लक ठेवतं. लॅपटॉप सगळं स्वतःच करतो. प्रश्न तोच विचारतो, उत्तर तोच देतो, टाळ्याही तोच वाजवतो. पोरीनं करायचं काय, तर एक बोट दाबायचं.

हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. अमेरिकेतल्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठात दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईवडील अशा २६ जोड्या घरच्या घरी खेळताना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. हातात आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी होती तेव्हा आईवडील कमी बोलले, बाळंही कमी बोलली. पुस्तक होतं तेव्हा मोठ्यांची बडबड सगळ्यात जास्त. अभ्यास लहानसा आहे आणि बाळं तुमच्या भाचीहून बरीच धाकटी आहेत, हे खरं. पण खेळणं बोलायला लागलं की मोठी माणसं मोकळी होतात, चहाला जातात, हे बघायला अ‍ॅरिझोनाला जायला नको. शिवाजी पेठेतही दिसतं.

तरी वहिनीला हसू नका. तिची काळजी खोटी नाही. ज्युनिअर केजी, मग सिनिअर, शेजारची पोरगी आत्ताच नाव लिहिते, हे सगळं त्या बाईच्या डोक्यावर आहे आणि ते आपण आत्या-मावश्यांनीच घातलंय. तिला एक गोष्ट तिच्याच भाषेत सांगा. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं. चौथ्याच्या सुमाराला अधिकचं चिन्ह जमतं, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. आता इंग्रजी 'ए' डोळ्यांसमोर आणा. दोन तिरक्या रेघा आणि मध्ये आडवी, त्रिकोणच की तो! म्हणजे ज्या अक्षरापासून आपण सुरुवात करतो, तेच चार वर्षांच्या हाताला अवघड. तो हात तयार होतो कणीक मळून, माती चिमटून, ओला फडका पिळून. बटण दाबून एक बोट तयार होतं, पेन्सिलीला तीन लागतात. एबीसीडीचं गाणं तर ती शाळेत आठ दिवसांत शिकेल, त्यासाठी दीड हजार घालवायला नकोत.

तेव्हा तुमच्या मनात आलेलं बरोबर आहे: ठोकळे आणि माती.

ठोकळ्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बालवाडीत सगळी खेळणी आली-गेली, ठोकळे राहिले. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांत तुकडे फार रंगीबेरंगी आणि फार थोडे असतात. वीस तुकड्यांत एक घर होतं न होतं तोच माल संपतो. शिवाय त्यावर एबीसीडी छापलेली असली की मोठी माणसं पोर मनोरा रचत असताना 'हे कुठलं लेटर गं?' करून तिचा हात अडवतात. सुताराकडून करून घ्या. घरात कधी फर्निचर केलं असेल तर ओळखीचा सुतार असेलच, त्याच्याकडे सागवानाचे कापून उरलेले तुकडे पोत्यानं पडलेले असतात. त्याला माप सांगा: एक इंच जाड, दोन इंच रुंद, चार इंच लांब. हा मूळ ठोकळा. असे तीस. मग त्याच्या निम्मे, म्हणजे दोन बाय दोनचे, बारा. आणि दुप्पट, आठ इंच लांबीचे, आठ. जाडी सगळ्यांची एक इंचच.

हे एक-दोन-चारचं प्रमाण माझं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट नावाच्या शिक्षिकेनं असे ठोकळे केले आणि जगभरच्या बालवाड्यांत ते आजही याच प्रमाणात चालतात. यातली गंमत अशी की दोन निम्मे मिळून एक पुरा होतो, दोन पुरे मिळून एक लांबडा. आडवे ठेवले तर दोन थरांची उंची एका ठोकळ्याच्या रुंदीएवढी. पोरगी पूल बांधत असते, एका बाजूला ठोकळा कमी पडतो, ती शोधत जाते आणि दोन बारके जोडून जागा भरते. निम्मे आणि दुप्पट हे शब्द तिला शाळेत भेटतील तेव्हा हातांना ते आधीच माहीत असतील. आमच्या वर्गात एका पोरानं आठ दिवस रोज तोच पूल बांधला आणि रोज तो पडला. नवव्या दिवशी त्यानं खांब जवळ आणले. मी काही सांगितलं नव्हतं. सांगायचा मोह फार झाला होता, ओठ चावून बसले होते.

लाकूड भरीव असावं, प्लायवूड किंवा एमडीएफ नको, त्यांच्या कडांचे टवके निघतात. कडा-कोपरे पॉलिश पेपरनं गालावर घासून बघण्याइतके गुळगुळीत करून घ्या. खरंच गालावर घासा, हाताला कळत नाही ते गालाला कळतं. रंग नको, टचवूडचं पॉलिशही नको. सुतार म्हणेल, 'ताई, फिनिशिंगशिवाय कसं देऊ?' त्याला म्हणावं, असंच दे.

सुतार नाहीच भेटला तर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आहेत, आंबोलीचा घाट उतरून कुणी ना कुणी ये-जा करत असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणीही चांगली. पण ती सुबक, पूर्ण झालेली असतात. घोडा घोडाच राहतो. ठोकळा मात्र सकाळी घोडा, दुपारी अंबाबाईचं देऊळ आणि संध्याकाळी वडापावची गाडी.

मातीचं कोल्हापूरकराला सांगायला नको. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, पापाची तिकटीला, गंगावेशेत किंवा बापट कॅम्पला कुठंही विचारा. शाडूचा एक गोळा ओल्या फडक्यात, वर डबा झाकून ठेवला की पुष्कळ दिवस मऊ राहतो. बेंदराला आपण मातीचे बैल विकत आणून पुजतो, यंदा पोरीला एक स्वतः करू द्या. त्याला पाच पाय निघतील. निघू देत. दिवाळीत वाड्यातली मोठी पोरं किल्ला करताना हिला नुसतं तांब्यानं पाणी घालायच्या कामाला ठेवतात, तेव्हा हिच्याकडे स्वतःची माती असली की हिची किंमत वाढते. घरात इस्कोट होणार, हे मात्र वहिनीला आधीच सांगा आणि गोळ्यासोबत एक जुनं पोतं किंवा मोठं ताट द्या. पोत्यावरच खेळायचं, उठताना पोतं झटकायचं. आया मातीला नाही म्हणत नाहीत, पुसायला नाही म्हणतात.

भातुकली असेल तर तिच्यात भर म्हणून नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू करून द्या. करवंट्यांना भोकं, सुतळी, वर एक काठी. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं या तराजूवरून व्हायची. चिंचोके, खडे, पेन्सिली, एकदा तर स्वतःची चप्पल तोलून लक्ष्मीपुरीतल्या अडत्यासारखे भाव लावायची पोरं. जड, हलकं, बरोबरीचं, हे शब्द फळ्यावरून शिकवायची वेळच आली नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडला हेच केलं होतं. माँटेसरीची परदेशी साधनं महाग, म्हणून त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणले. आज गावोगाव जिला अंगणवाडी म्हणतात ती कल्पनाच मुळी त्यांच्या कामातली. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

पुस्तकंही एक-दोन घाला. मोठी चित्रं, पानाला दोन-तीन ओळी. ज्योत्स्ना प्रकाशन किंवा प्रथम बुक्सची मराठीत आहेत. मराठीच घ्या, आत्यानं वाचायचंय.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढं गेलात, त्या दीड वर्षाच्या भावाकडे येऊ. ताईला दिलेलं प्रत्येक खेळणं तासाभरात त्याच्या तोंडात जाणार. खोक्यावर 'तीन वर्षांवरील' असं लिहिलेलं असतं ते हुशारीचं माप नाही, बारीक तुकडे आहेत याची ती सूचना आहे. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला जे सुरक्षेचं नळकांडं वापरतात त्याचा व्यास ३२ मिलिमीटरच्या किंचित आत असतो, म्हणजे सव्वा इंच. त्यात जे संपूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. मणी, गोट्या, बारकी चाकं घरात नकोत. भातुकलीतली इवलीशी झाकणं काढून ठेवा. तराजूचे चिंचोकेही धाकटा झोपला की मगच बाहेर काढायचे आणि मोजून परत ठेवायचे. ते मोजणंही खेळातच धरा.

तीन गोष्टी तर कुणी दिल्या तरी घरातून बाहेर काढा. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी, ते पोटात गेल्यावरही फुगतात. सुटे होणारे छोटे लोहचुंबक: दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळ्यांमधून ते एकमेकांना खेचतात आणि मधल्या भिंतीला भोक पडतं. हल्ली चुंबकाच्या टाइल्सची फार चलती आहे. चांगल्या असतात त्या, पण एखादी तडकली की आतला चुंबक बाहेर येतो, म्हणून धाकटा असेतो थांबा. आणि तिसरी गोष्ट, बटणासारखे चपटे सेल. गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असतात, लुकलुकणाऱ्या बाहुलीत असतात, रिमोटमध्ये असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेतून वीज वाहते, तिथं अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून भाजून निघतं. सेलची जागा स्क्रूनं बंद नसेल तर ते खेळणं घेऊच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक सीपीआर (आपलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि एक्स-रे काढायचा. पोर हसत-खेळत असलं तरी.

दुकानातून काहीही घेतलंत तर आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून तसल्या लाकडी खेळण्यावर ती दिसली नाही तर दचकू नका. तिथं रंग ओल्या रुमालानं घासून बघा. रुमालाला लागला तर परत ठेवा.

उरला चारचौघांचा प्रश्न. मी तो हलका समजत नाही. हॉलमध्ये खोक्याच्या आकारावरून माप काढणारी एक तरी काकू असतेच, आणि तुम्ही तर सख्खी आत्या. बारशाला पोरीच्या कानात कुर्र करून नाव तुम्ही सांगितलंत, पाठीत धपाटे तुम्ही खाल्लेत. म्हणून खोकं नकोच. बुरुडाकडून चांगली रुंद, कान असलेली टोपली घ्या. तळाला ठोकळे, वर फडक्यातला मातीचा गोळा, तराजू, पुस्तकं. त्यावर तुमच्या जुन्या साडीचा काठ असलेला तुकडा बांधा. पन्नास ठोकळ्यांची टोपली उचलताना तुमच्या भावाला दोन्ही हात लावावे लागतील, ते काकूला दिसेल. कुणी विचारलंच, तर सांगा की बालवाडी ज्यानं काढली त्या जर्मनीच्या फ्रोबेलनं आपल्या लाकडी ठोकळ्यांना नावच 'भेटी' असं दिलं होतं. तिसरी भेट, चौथी भेट, असे क्रमांक. कोल्हापुरात एवढं ऐकवलं की पुढचा प्रश्न सहसा जेवणाचा असतो.

पण माझं ऐकाल तर टोपली हॉलमध्ये देऊच नका. तिथं पाकीट द्या, एकशे एक रुपयाचं. त्या रात्री पोरीपुढं साठ खोकी पडलेली असतील आणि ती एकाचा कागद फाडून दुसऱ्याकडे धावत असेल. अमेरिकेतल्याच टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन बघितलं होतं. चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. भावाला सांगा, त्यातली चार ठेव, बाकीची माळ्यावर टाक आणि महिन्या-महिन्याला एक काढ. कपाटावर तुमच्या कोड्याशेजारी जागा आहेच.

टोपली घेऊन पुढच्या रविवारी दुपारी जा. दार उघडल्यावर 'बघ आत्यानं काय आणलंय' म्हणायचं आणि ठोकळे फरशीवर ओतायचे. तुम्ही खाली बसायचं, मोबाइल पर्समध्ये. आपण काहीतरी बांधायला घ्यायचं, अगदी साधं, आणि तिच्याकडे बघायचंही नाही. पाच मिनिटांत ती येऊन तुमचं पाडेल. तिथून पुढं तुम्हाला काही करावं लागत नाही, ती सांगेल ते आणून द्यायचं, बस्स. धाकट्याला आठ-दहा ठोकळे वेगळे काढून द्या, नाहीतर दोघांची जुंपेल. वहिनी चहा घेऊन येईल तेव्हा तिलाही खाली बसवा. लॅपटॉपचा विषय तुम्ही काढू नका, तिनं काढला तर मघाची ती तिरक्या रेघांची गोष्ट सांगा.

सुताराचं एक राहिलं. तो उरलेल्या लाकडाचे पाऊण-पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे हौसेनं, फुकट करून देईल. बारक्या पोरांना बारकेच आवडतात असं त्याला वाटतं. ते मघाच्या सव्वा इंचाच्या नळकांड्यात बसतात. त्याचं मन न मोडता घ्या, आणि तुमच्या घरी ठेवा.